पहिल्या क्लिकचा मान

खंडेनवमीला दूध संघाचा सर्व्हर दोन तास बंद ठेवून त्याची पूजा करायची, हा शिरस्ता गणपतरावांनीच पाडलेला. तेवढ्यात पंखे पुसून होतात, बॅटऱ्या बदलून होतात, आणि हार-नारळ झाला की सर्वांत जुन्या माणसाच्या हातून यंत्र पुन्हा चालू होतं. यंदा तो मान खुद्द गणपतरावांकडेच आला होता. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते.

सर्व्हर एकच, पण आत चार पार्टिशन. एका घरात चार भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तसे. दूध संकलन, पशुखाद्य, हजेरी आणि चौथं, ज्याला निशिगंधा भांडारी म्हणायची. बाकी तिघांच्या डिस्क या भांडाऱ्याच्या ताब्यात; तो आधी उठायला हवा. हे नवं यंत्र गेल्या वर्षी आलं, आणि ते सांभाळायला निशिगंधाला नेमलं. अजून ती कायम व्हायची होती.

गणपतरावांनी यंत्राला नमस्कार केला, चष्मा सावरला आणि बाण थेट ‘दूध’वर नेला. दुधाच्या संघात आधी दूधच, दुसरं काय! ते चुकतायत हे निशिगंधाला दिसत होतं. पण दहा-बारा माणसं हातात पेढे घेऊन उभी होती, आणि त्यांच्यादेखत म्हाताऱ्या माणसाचा हात कसा धरायचा? तिने शब्द गिळला. भांडारी लगेच चालू करू, दूध तोवर थांबेल आणि आपसूक जोडलं जाईल, अशी तिने मनाची समजूत घातली. मन काय, पडत्या फळाची आज्ञा घ्यायला टपलेलंच असतं!

मामांनी क्लिक केलं, टाळ्या वाजल्या. मग पडद्यावर उमटलं, डिस्क सापडत नाही. तिने घाईने भांडारी चालू केला, तरी दूध जागचं हललं नाही. एव्हाना गगनबावड्याकडचे टँकर फाटकात उन्हात उभे राहिले होते. तपासणीची नोंद कॉम्प्युटरवर चढल्याशिवाय दूध उतरवून घेता येत नाही, आणि दूध कुणासाठी थांबत नाही.

संघाचे व्यवस्थापक विजयसिंह साहेब वर आले ते तापूनच.

"मामा, काय दाबलंसा? ह्या वयात कशाला हात लावायचा म्हंतो मी!"

गणपतरावांनी चष्मा काढून उगीचच पुसला. निशिगंधाला स्वतःची लाज वाटली, पण आधी टँकर होते. तिने अडकलेलं ‘दूध’ पार्टिशन पूर्ण बंद केलं. भांडाऱ्याकडे सगळ्या डिस्क आल्यात का ते एकेक करून बघितलं, आणि मगच दूध पुन्हा चालू केलं. अकरा मिनिटांनी खालून लॅबचा फोन आला, नोंदी चढायला लागल्या. टँकर आत आले.

"रिपोर्टात लिवा," साहेब म्हणाले, "जुन्या कर्मचाऱ्याकडनं चुकीचं बटन दाबलं गेलं. इषय संपला."

"साहेब, चूक माझी हाय. आधी काय चालू करायचं ते मला ठाऊक होतं. मामा चुकतायत हे दिसत असून मी गप्प बसले."

साहेबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुमचं कायम व्हायचं पत्र माझ्या टेबलावर सहीला हाय. म्हाईत हाय न्हवं?"

"हाय की."

"मग लिवा तसंच, चूक तुमची म्हनून." आणि ते निघून गेले. सही करणार की नाही, काही कळलं नाही.

खोलीत दोघंच उरली. निशिगंधाला हलकं वाटत होतं. आता मामा पाठीवरून हात फिरवतील, असंही आत कुठेतरी वाटत होतं. गणपतराव मात्र लालबुंद झाले होते.

"दिसत हुतं, तर बोलली का न्हाईस?"

"मामा, तुमचा मान..."

"कसला मान? माणूस खड्ड्यात चाललाय आन् तू टाळ्या वाजीवतीस! सायेब वरडला, त्येचं काय वाटलं न्हाई मला. त्येनं निदान मला चुकणारा माणूस तरी धरलं. तू तर पार मोडीतच काढलंस की गं."

तिला रडू फुटलं. खरं होतं ते. त्यांना सांगून कळेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

गणपतरावांनी तिला रडू दिलं. मग खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसले, खिशातलं पेन काढलं.

"पुस डोळं. आता पहिल्यापास्नं सांग. आन् चुकलो तर जोरात वरडायचं, काय?"