खडा माझ्या तोंडात, बोल आजोबांना

मित्रांनो, मी एक म्हातारा सोनमासा आहे. घरात मला भोपळ्या म्हणतात. रंगावरून आणि पोटावरूनही. माझी हकीकत सांगताना तोंड लपवावंसं वाटतं, पण काचेच्या घरात तोंड लपवायला जागा कुठली?

माझा जन्म एका सिमेंटच्या हौदात झाला. तिथे जो आधी झडप घालेल त्याचंच पोट भरे. हावरटपणा माझ्या अंगात मुरला तो तिथेच. पुढे पाण्याच्या पिशवीतून मी या घरी आलो. तेव्हा माझी टाकी दिवाणखान्यात होती. पाहुणे कौतुक करत, आजोबांची नातवंडं काचेला नाक लावून बसत. मग मुलं मोठी होऊन शिकायला दूर गेली, दिवाणखान्यात मोठा टीव्ही आला आणि माझी टाकी चपलांच्या कपाटाशेजारी सरकली. तेव्हापासून माझं सगळं आजोबाच पाहत. काच पुसत, पाणी बदलत, सकाळी दाणे टाकत.

हल्ली आजोबांना विसर पडू लागला होता. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर! कधी मला दाणे टाकून जात आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन टाकत. मी कशाला नको म्हणतोय?

एका रविवारी त्यांच्या मुलाने हौसेने निळे, बारीक खडे आणून टाकीच्या तळाशी पसरले. टाकी खरंच झकास दिसू लागली. संध्याकाळी त्या खड्यांत मला एक दाणा दिसला. पोट भरलेलं असूनही मी तोंडभर खडे उचलले. बाकीचे थुंकले, पण एक आत आडवा अडकला.

दुसऱ्या दिवशी दाणा तोंडात घेतला आणि तो तसाच बाहेर पडला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला.

"बाबा, किती दाणे टाकता तुम्ही? पोट बिघडलंय त्याचं," मुलगा म्हणाला.

"एकदाच टाकले रे. बहुतेक."

"बहुतेक! तुम्हाला काही आठवतं तरी का? एक दिवस मारून टाकाल त्याला!"

त्याने डबा आजोबांच्या हातातून घेतला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. मी आ वासून पाहत राहिलो. माशाला आवाज कुठला?

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. आधी उपास घडवला. मग पाण्यात मीठ घातलं. मग कसलंसं औषध घातलं, त्याने पाणी पिवळं झालं. मी मात्र वाळतच चाललो. आजोबा टाकीपासून लांब खुर्ची ठेवून बसत आणि हळूच म्हणत, "चुकलं रे माझं, भोपळ्या." ज्याचं काहीच चुकलं नव्हतं, तो माझी माफी मागत होता. मला त्यांच्याकडे पाहवेना. मी काचेकडे पाठ करून कोपऱ्यात पडून राही.

अशात सूनबाईंची धाकटी बहीण आली. ती दातांची डॉक्टर. चपला काढायला वाकली ती तशीच टाकीसमोर बसली. तिने एक दाणा टाकायला लावला आणि मी काय करतो ते नीट पाहिलं.

"ताई, याला भूक आहे गं. दाणा घेतोय आणि टाकतोय. तोंडच मिटत नाहीये याचं."

"पोट बिघडलंय ना?"

"पोटाचं नंतर बघू. टॉर्च आण आधी."

माझ्या तोंडात उजेड पडला.

"काहीतरी अडकलंय. निळं आहे."

"निळं?" म्हणत मुलगा टाकीच्या तळाशी पसरलेल्या खड्यांकडे बघू लागला.

तिने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून सगळं विचारून घेतलं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर, टाकीतलंच पाणी घेतलेल्या भांड्यात, लवंगेच्या तेलाचा जेमतेम अंश मिसळून मला सोडलं. मला गुंगी आली. तिने ओल्या हाताने मला धरलं आणि बारीक चिमट्याने खडा आधी सरळ केला, मग अलगद ओढला. स्वच्छ पाण्यात सोडल्यावर माझे कल्ले हळूहळू हलू लागले.

"बाबा, हा मी आणलेला खडा," मुलगा म्हणाला. "आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

"असू दे. जगला ना तो," आजोबा म्हणाले. "पण खरं सांगू? मलाही वाटलं होतं, मीच मारतोय त्याला."

मुलाने वरच्या फळीवरचा डबा खाली काढला.

आता माझ्या तळाशी मोठे गोटे आहेत. डबा पुन्हा आजोबांच्या हाती आला आहे. पण झाकण उघडलं की ते थांबतात आणि विचारतात, "मी मघाशी टाकले नाहीत ना?" पूर्वी ते असं कधी विचारत नसत. मुलगा शेजारी उभा राहून रोज सांगतो, "नाही बाबा, आत्ताच टाकताय."

मित्रांनो, मुका जीव आजारी पडला तर आधी त्याच्याकडे नीट बघा, मग कुणाला बोल लावायचा तो लावा. मी आता छान जेवतो. पण आजोबांचा तो प्रश्न कानी पडला, की पहिला दाणा काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नाही.