देवाला बसलेला भोपळा

“भोपळ्याला मिठी मारायची नाय, ताई. मिठी पाण्याला मारायची. भोपळा नुसता पाठीशी असतो, देवासारखा.”

मित्रांनो, आवडाबाईंचे हे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की मला तोंड असते तर त्यांच्या आधी मीच म्हटले असते. मी एक जुना भोपळा आहे. भाजीचा नव्हे, पोहायला शिकवणारा. माझ्या कमरेला दोर बांधतात, दोराचे दुसरे टोक शिकणाऱ्याच्या कमरेला. मग तो हातपाय मारतो आणि मी त्याला बुडू देत नाही. एवढेच माझे काम. पण ते करताना मला जी धन्यता वाटते ती शब्दांत सांगता यायची नाही.

सोयगावकडच्या डोंगराखाली एक लहानशी वाडी आहे. तिथे आवडाबाईंच्या कुंपणावर माझा जन्म झाला. आमचा वेल कडू दुध्याचा, त्यामुळे शेळीसुद्धा तोंड लावत नसे. त्या वर्षी वेलावर दोनच फळे धरली. थोरला भाऊ गोल गरगरीत, मी कमरेत बारीक. आवडाबाईंनी आम्हाला चार महिने पत्र्यावर उन्हात वाळवले, देठाशी भोक पाडून बिया काढल्या, आतून राखेने घासले. भावाची भजनी मंडळाच्या वीणेसाठी निवड झाली. माझे भोक लाकडाच्या खुंटीने आणि राळेने बंद करून मला पाण्यात सोडले. मला थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण पुढे कळले, तोही पोकळ आणि मीही पोकळ. देवाने एकाला नामासाठी पोकळ केले, एकाला जिवासाठी.

वाडीच्या वर दीड तास चढून गेले की काळ्या कातळात एकाखाली एक तीन कुंडे आहेत. पावसाळा सरला की त्यांतले पाणी असे निवळते की तळाचे खडे मोजावेत. वाडीतली कितीतरी लेकरे मी तिथे पोहायला शिकवली. एका दिवाळीच्या सुट्टीत संभाजीनगरहून शाळेतल्या शिक्षिकांचा एक गट तो डोंगर चढून आला. त्यांत पद्मजाताई होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, आवाज अगदी हळू. बाकीच्या बाया पाय बुडवून बसल्या. ताईंनी मात्र पाण्याला हळदकुंकू वाहिले, हात जोडले आणि आवडाबाईंना विचारले, “मला शिकवाल का हो?”

त्या शिकल्या. पुढच्या रविवारी पुन्हा आल्या, त्याच्या पुढच्याही. शेवटी आवडाबाईंनी मला त्यांच्या ओटीत घातले.

“न्या ताई. घरातल्या समद्यांना शिकवा. घरात पोहता न येणारं कुणी उरलं नाय, की त्या दिवशी माघारी आणून द्या. इथल्या पोरांना लागतो ह्यो.”

“शब्द देते,” ताई म्हणाल्या.

असा मी शहरात आलो. ताईंनी आधी मुलाला, श्रीरंगला शिकवले. मग सून चारुता आली, तिला शिकवले. मग नात मनस्विनी सात वर्षांची झाली, तिला. दरवर्षी पाऊस संपला की एका रविवारी पहाटे गाडी निघायची. फुलंब्री मागे पडेपर्यंत चारुताच्या डब्यातल्या धपाट्यांचा वास गाडीभर होई. मी मनस्विनीच्या मांडीवर बसून खिडकीतून कपाशीची शेते बघत असे. ते माझे सोन्याचे दिवस होते.

राहिले फक्त एकजण. ताईंचे यजमान, केशवराव.

केशवराव सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले. डोंगर चढायला सगळ्यांच्या पुढे, पण कुंड आले की एका खडकावर बसायचे आणि सगळ्यांच्या चपला राखायचे.

“आजोबा, या ना पाण्यात!” मनस्विनी ओरडायची.

“मी आलो तर तुझे सॅंडल माकड नेईल. जबाबदारी आहे माझ्यावर.”

“अहो, इथे माकड कुठंय?” ताई विचारायच्या.

“मी बसलोय म्हणून नाही.”

खरी गोष्ट वेगळी होती. लहानपणी पैठणच्या घाटावर ते पायरीवरून घसरले होते. मामाने शेंडी धरून वर काढले. “तेव्हापासून माझं आणि पाण्याचं नातं तांब्यापुरतंच,” असे ते हसत सांगत. हसत सांगत, पण खडकावरची त्यांची जागा मात्र दरवर्षी पाण्यापासून थोडी आणखी लांब सरकत असे. ते फक्त माझ्या लक्षात आले होते.

मग एके वर्षी खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा मांडली. विळी, सुई, श्रीरंगचा लॅपटॉप, आणि त्यांच्या शेजारी मी. झेंडूची माळ घातली, कुंकू लावले. मी अगदी संकोचून गेलो. दुसऱ्या दिवशी विळी भाजीला लागली, लॅपटॉप कामाला लागला. मला उचलताना मात्र चारुताचा हात थबकला.

“आई, याला आता माळ्यावर नको टाकायला. कुणाचा पाय लागेल. देवघरात वरच्या फळीवर ठेवू का?”

मित्रांनो, त्या मुलीच्या मनात भक्तीच होती, तिला दोष देऊ नका. तिने मला लाल कापडावर बसवले. मनस्विनी एकदा मला घ्यायला आली तर तिला सांगितले, “अगं, देवाला बसलाय तो!” त्या वर्षी सहल राहिली. पुढच्या वर्षी ताईंचा गुडघा दुखत होता. तिसऱ्या वर्षी कुणी विषयच काढला नाही. तीन वर्षे मला रोज उदबत्ती मिळाली, पाणी मिळाले नाही. माझी राळ सुकली. आवडाबाई म्हणायच्या, “देवासारखा पाठीशी.” आणि मी तर कुणाच्याच पाठीशी नव्हतो, नुसता देवासारखा होतो.

एक नेम मात्र चुकला नाही. रोज सकाळी पूजा झाली की ताई निरांजन खाली ठेवायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि अगदी हळू म्हणायच्या, “अजून एक राहिलंय.”

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात फोन आला. ताईंचे हात कणकेत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. केशवराव समोर पेपर वाचत होते.

“पद्मजाताई, भोपळा हाय का?” आवडाबाईंचा आवाज सगळ्या घरात घुमला. “आमच्याकडचा दुसरा फुटला. औंदा दोन पोरी हायत शिकायला, वाट बघून ऱ्हायल्यात.”

“आहे हो. पण आवडाबाई, मी शब्द दिला होता ना... अजून एक राहिलंय.”

“कोण?”

ताईंनी समोरच्या पेपरकडे बघितले.

“दाजी? अजून? अवो ताई, इतक्या सालात माझी म्हैस दोनदा पोहून आली!”

मनस्विनी इतकी हसली की तिला ठसका लागला. केशवरावांनी पेपर वर धरला. पेपर उलटा होता.

“तसाच पाठवून देऊ का?” ताईंनी विचारले.

“नुसता भोपळा मी नाय घेणार. दाजींसकट आणा.” आणि फोन बंद.

पेपरची घडी झाली. मग केशवराव उठले, देवघरापाशी आले आणि चष्मा पुसून माझ्याकडे निरखून बघू लागले.

“चारुता, याची उत्तरपूजा केली होती का गं?”

“उत्तरपूजा? नाही, बाबा.”

“मग अडकणारच बिचारा. गणपतीलासुद्धा आपण दीड दिवसात मोकळं करतो. याला तीन वर्षं बसवून ठेवलंय.” त्यांनी माझ्यावर अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि मला जागेवरून हलवले. इतकेच. पण मला वाटले, वेलावरून पुन्हा एकदा खुडले. “दोन पोरी खोळंबल्यात म्हणे,” ते पुटपुटले. “माझ्यामुळे कुणाची फाइल कधी अडकली नाही. पद्मजा, रविवारी जाऊ.”

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी कणकेचेच हात जोडले.

केशवरावांनी गुलमंडीच्या बाजारातून निळी अर्धी चड्डी आणली. रविवारी थोरल्या कुंडाच्या काठावर ती घालून ते उभे राहिले तेव्हा चारुता म्हणाली, “बाबा, छान दिसतेय.”

“दिसण्यासाठी घेतली नाही,” ते म्हणाले. आणि चड्डीची नाडी पुन्हा एकदा आवळली.

आवडाबाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. ताईंनी पाण्याला हळदकुंकू वाहिले. माझ्या कमरेला दोर बांधला.

“आवडाबाई, खोल किती आहे हो?” केशवरावांनी विचारले.

“इथं तुमच्या छातीएवढं. पुढं दोन माणूस. पण दाजी, माणूस वरच पोहतो. खालचं कशाला मोजता?”

ते उतरले आणि पाय सुटताच त्यांनी मला दोन्ही हातांनी असे कवटाळले की माझ्या आतली विसरलेली एक बी खुळखुळली.

“मिठी मारायची नाय!” आवडाबाई.

“मी मारत नाही. आपोआप बसली!”

“आजोबा, पाय मारा, पाय!”

“मारतोय की!”

“आमच्यावर नको, पाण्यात मारा!”

त्या दिवशी ते माझ्यासह अर्धे कुंड गेले आणि परत आले. परत आल्यावर ठेचा-भाकरी खाताना त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा दिसत होता. दुसऱ्या रविवारी पूर्ण कुंड पार. तिसऱ्या रविवारी ते पाठीवर पडून आभाळ बघत होते. पण मला सोडायचे नाव काढीनात. सोडायचे म्हटले की पैठणचा घाट आठवायचा.

चौथ्या रविवारी त्यांनी दोर ताईंच्या हातून घेतला. “मी बांधतो. तीस वर्षं दप्तरं बांधलीत मी.”

मित्रांनो, ती गाठ मी ओळखली. दप्तराची गाठ ती. साहेबांनी फाइल मागितली की एक टोक ओढून झटक्यात सुटावी, म्हणूनच तशी मारतात. मी सांगणार कसा? मला तोंड नाही.

कुंडाच्या मधोमध त्यांचा पाय दोराच्या टोकात अडकला, आणि गाठ सुटली.

मी हलका, वाहून निघालो. जिथून पाणी खालच्या कुंडात उडी घेते त्या काठाकडे. तिथे खाली नुसते खडक. मला माझी भीती नव्हती, केशवरावांची होती. आता ते बुडणार, आणि मी पाठीशी नाही! ताई काठावरून पाण्यात उतरल्यासुद्धा.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं, भोपळा! भोपळा चालला! पद्मजा, धर त्याला! लोकांची वस्तू आहे ती!”

कुणीच धरेना, म्हणून ते स्वतःच निघाले. हात, पाय, हात, पाय, तोंडातून पाणी आणि रागाचे शब्द एकदमच. मी काठाच्या दगडावर टक्कन आपटलो, आणि त्याच क्षणी त्यांच्या हाताने माझी कमर पकडली.

“सापडला!” ते ओरडले.

काठावर सगळे पुढे सरसावले. मग मनस्विनी म्हणाली, “आजोबा, तुम्हाला धरलंय कुणी?”

केशवरावांनी इकडे बघितले, तिकडे बघितले. खाली बघितले. दोन माणूस पाणी. मग मात्र ते घाबरले आणि त्यांनी मला छातीशी घट्ट कवटाळले.

“असू द्या दाजी,” आवडाबाई हसत डोळे पुसत म्हणाल्या, “आता मारली मिठी तर चालंल.”

मला कुशीवर बारीकशी चीर गेली होती. वर आल्यावर केशवरावांनी ती बोटाने चाचपली. “आवडाबाई, याला असं देणार नाही. कार्तिकी एकादशीच्या आत नीट करून मी स्वतः आणून देतो.”

“शब्द?”

“शब्द.”

मेण आणि राळ वितळवायला त्यांनी ताईंची पूजेची पळी घेतली. “अहो, ती देवाची आहे!” ताई म्हणाल्या. “हाही परवापर्यंत देवाचाच होता की,” ते म्हणाले. चीर बुजली. बादलीत मला तीनदा बुडवून पाहिले, एक थेंब आत गेला नाही.

बालमित्रांनो, माझ्यासारखे कुणी तुमच्याही घरी असेल. आजोबांची सायकल असेल, आईची बाजाची पेटी असेल. त्यांना जपा. पण जपणे म्हणजे उंच फळीवर ठेवून हात जोडणे नव्हे. पुसा, तेल द्या, तडा गेला तर बुजवा, आणि कामाला घ्या. आपल्याला लागत नसेल तर ज्याला लागते त्याच्या हाती द्या. पाण्यालाही जपा. आमच्या कुंडात साबण नको, रिकामी पाकिटे नकोत, आणि मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय उतरायचे तर मुळीच नाही. एवढे माझे मागणे.

एकादशीच्या दोन दिवस आधीची ती सकाळ. घरात बाकीचे अजून झोपले होते. केशवरावांनी मला जुन्या सुती साडीत गुंडाळून पिशवीत ठेवले. पिशवीत आधीच काहीतरी मऊ होते. टॉवेल, आणि ती निळी अर्धी चड्डी. त्यांनी सोयगावच्या एसटीची वेळ मनगटावरच्या घड्याळात पुन्हा एकदा पाहिली आणि दाराची कडी आवाज न करता काढली.

देवघरात ताईंची पूजा नुकतीच आटोपली होती. निरांजन खाली ठेवल्याचा बारीक आवाज मी ऐकला. त्यानंतरचे ते रोजचे तीन शब्द आज आले नाहीत.

केशवराव क्षणभर उंबऱ्यात थांबले. मग मला काखेत नीट धरून जिना उतरू लागले.