घाटात गुरुजींनी मला न्यूट्रल केलं

मी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे, मित्रांनो, आणि आज बोलल्यावाचून मला राहवत नाही! क्लच नाही म्हणून नगरात माझी फार थट्टा व्हायची. माझ्या गिअरच्या दांड्याशेजारी 'डी', 'दोन' आणि 'एल' असं लिहिलेलं आहे. वीस वर्षं सगळ्यांनी मला 'डी'वरच चालवलं. बाकीच्या दोघांना कुणी हातसुद्धा लावला नाही, आणि याचं मला वाईट वाटायचं.

शलमोन गुरुजींचा डावा गुडघा दुखतो, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी मला घेतलं. उतारावर दांडा 'दोन'वर ओढायचा, लईच उतार असला तर 'एल'वर, असं मेकॅनिक आसाराम त्यांना समजावत होता. गुरुजी माझा रंग न्याहाळत होते. त्यांच्या पत्नी दीनाबाईंनी मात्र ऐकून ठेवलं.

परवा आम्ही तिसगावला नातीच्या बाप्तिस्म्याला निघालो. दीनाबाईंच्या मांडीवर केक, गुरुजी गुणगुणतायत, मीही खुशीत! करंजी घाटाचा उतार लागला आणि गुरुजींनी मला न्यूट्रल केलं, म्हणजे इंजिनाची चाकांवरची पकडच सोडवली. पेट्रोल वाचतं म्हणून आमच्याकडे पुष्कळजण असंच करतात. सगळा भार माझ्या ब्रेकवर पडला. ब्रेक तापले, करपट वास सुटला, आणि एका वळणावर गुरुजींचा ब्रेकवरचा पाय नुसताच आत गेला. समोर ऊसतोडीला निघालेल्या बायापोरांनी भरलेली ट्रॉली!

गुरुजी ब्रेकच दाबत राहिले.

"अहो, दोनवर ओढा तो दांडा," दीनाबाई म्हणाल्या. "आसाराम सांगत हुता."

गुरुजींनी ओढला. मी केवढ्यानं ओरडले म्हणून सांगू! पण इंजिनानं चाकं आवरली, वेग मोडला. मग 'एल'. ट्रॉलीच्या मागे मी शहाण्या म्हशीसारखी घाट उतरले. खाली सपाटीला हँडब्रेक ओढला, तेव्हा गुरुजी घामानं निथळत होते.

"मला वाटायचं, ही अक्षरं शोभेची हायेत," ते म्हणाले. "इथून पुढं उताराला तू सांगायचं, मी ऐकायचं."

दीनाबाई हसता हसता रडल्या. त्यांचा मुलगा येऊन दोघांना घेऊन गेला. ब्रेकच्या दुरुस्तीसाठी मी घाटाखालच्या करंजी गावातच राहिले, बाप्तिस्मा काही मला दिसला नाही.

मित्रांनो, गाडी जुनी असली तर तिचे ब्रेक तपासायला विसरू नका, आणि उतारावर तिला मोकळी सोडू नका. माझ्यात एवढा जोर आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी धरून ठेवायला तयार असते. दांडा तेवढा तुम्हाला ओढावा लागतो.