गप्प बसणाऱ्याचा होकार

धाकट्या बहिणीच्या त्या पत्राला दादांनी कधी उत्तर दिलंच नाही. उभा जन्म ग्रंथपाल म्हणून पुस्तकं जागच्या जागी लावण्यात गेला, पण हे एक पत्र कुठं ठेवावं ते त्यांना कधी उमगलं नाही. मजकूर मात्र तोंडपाठ होता. ‘दादा, आईनं बजावलंय, नोकरी सोडून लग्न कर, नाहीतर या घराची पायरी चढू नकोस. तू माझ्यासाठी एक शब्द टाक. तुझं ती ऐकते.’

धाकटी तेव्हा परदेशातल्या वकिलातीत नुकतीच रुजू झाली होती. दादांनी कितीदा तरी कागद पुढ्यात ओढला. आईला दुखवायचं कसं आणि बहिणीला नाही म्हणायचं कसं? दोन्हीकडून बरं राहावं म्हणून ते गप्प राहिले. धाकटीनं नोकरी सोडली नाही, आईनं हट्ट सोडला नाही. आई गेल्याचं तिला परक्या माणसाकडून कळलं. त्यानंतर ती या घरी आलीच नाही.

पुढं ती राजदूत झाली, आणि आता देशाची परराष्ट्रमंत्री. ज्या घरानं तिला दार लावलं, त्याच घरात आता पाहुण्यांना ‘आमची आत्या’ म्हणून सांगायची चढाओढ असे.

त्या संध्याकाळी टीव्हीवर तिची मुलाखत चालू होती. बैठकीच्या खोलीत सगळे होते, पण कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. दादांची नात धाकटीसारखीच परराष्ट्र सेवेची परीक्षा पास झाली होती, दूरच्या देशात नेमणूक मिळाली होती, आणि तिचे वडील जाऊ द्यायला तयार नव्हते.

“आमच्या कामात एक पद्धत आहे,” पडद्यावर धाकटी सांगत होती. “मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा आणि मुदत द्यायची. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, तर तो सगळ्यांना मान्य. नंतर ‘मला पटलं नव्हतं’ म्हणायची सोय नाही.”

“म्हणजे गप्प बसणारा फसला म्हणायचा,” मुलाखतकार हसला.

“फसला कसला? सामील झाला.”

दादांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मुलानं टीव्ही बंद केला. “बघितलंत? एवढी मोठी मंत्री, पण घरी गेल्यावर ‘जेवलीस का’ विचारणारं कोण आहे? माझ्या पोरीचं तसं व्हायला नको. बाबा, तुम्हीच सांगा हिला.”

नातीनं आजोबांकडे पाहिलं. सवयीनं दादांचा हात पुस्तकाकडे गेला, आणि उघडं पुस्तक घेऊन ते स्वयंपाकघरात सटकले.

“चष्मा कपाळावर आहे,” बायको कणीक मळता मळता म्हणाली. “वाचताय काय?”

दादांनी पुस्तक मिटलं.

“धाकटीच्या वेळीही असंच तोंड लपवलंत. भांडण नको म्हणे! भांडण व्हायचं ते झालंच. ती पोर एकटी भांडली, एवढंच.”

“मी आईच्या बाजूनं एक शब्दही बोललो नव्हतो.”

“आणि तिच्या बाजूनं?”

दादा ओट्याला टेकून उभे राहिले. आई बहिणीचं नाव काढायची नाही, पण पोस्टमन दिसला की दाराशी जाऊन उभी राहायची. एक शब्द टाकला असता तर ती विरघळली असती का? हे आता कुणालाच कळायचं नव्हतं.

ते बाहेर आले.

“आत्या नोकरीमुळं एकटी नाही पडली रे. तिला आपण एकटं पाडलं. ‘जेवलीस का’ मी विचारायला हवं होतं. हिला अडवायचं म्हणतोस ना, माझी हरकत आहे!”

बापाचा चढलेला आवाज मुलानं जन्मात ऐकला नव्हता. “मला विचार करू द्या, बाबा,” एवढंच तो म्हणाला. पण पुढच्या आठवड्यात माळ्यावरची मोठी बॅग त्यानं स्वतः खाली काढली आणि तिचं तुटलेलं चाक दुरुस्त करून आणलं.

मंडळी, घरात अन्याय करणारा एखादाच असतो. त्याचं निभावतं ते आपल्यासारख्या गप्प बसणाऱ्या भल्या माणसांच्या जिवावर. घरातल्या लेकीसाठी बोलायचं असेल, तर वेळेवर बोला. उशिरा बोलून जे हाती लागतं ते फार थोडं असतं.

बॅग दुरुस्त होऊन आली त्या रात्री दादांनी कागद पुढ्यात ओढला. ‘तुझ्या पत्राला उत्तर देतोय. आई चुकली होती. मी त्याहून जास्त चुकलो. माफ कर असं म्हणायचा धीर होत नाही. नात तुझ्याच वाटेनं निघाली आहे. जमलं तर घरी ये. जेवतेस ना वेळेवर?’

“फोन करा की सरळ,” सकाळी बायको म्हणाली. “हे पोचेपर्यंत सरकार बदलेल.”

“तिनं पत्र लिहिलं होतं,” दादा म्हणाले.

कोपऱ्यावरच्या पेटीशी ते घुटमळले. आता या उत्तराचा तिला काय उपयोग, असं पुन्हा मनात आलं. मग त्यांनी पाकीट आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथंच उभे राहिले.