वरची दोन सप्तकं

नानांनी सकाळी सुरात लावलेला पियानो बबी दुपारी जाऊन पुन्हा लावायची. कुणाला कानोकान खबर लागू न देता. दोन वर्षं तिचा हा उद्योग चालला होता आणि त्यात तिचा पार भुगा झाला होता.

बबी ही नानांची थोरली लेक. वय पन्नाशीला टेकलं, केस निम्मे पांढरे झाले, तरी नाव बबीच. नानांनी उभी हयात लोकांचे पियानो सुरात लावण्यात घालवली आणि तीच विद्या हिच्या हातात दिली. धाकट्या भावाला कान नव्हता, म्हणून तो शिकूनसवरून लांब गेला आणि सुखात राहिला. कान असणं हे काही दर वेळी देवाचं देणंच असतं असं नाही.

रोजचा प्रकार असा. सकाळी ती नानांना एका गिऱ्हाइकाकडे सोडायची आणि स्वतःच्या कामाला दुसरीकडे जायची. दुपारी त्यांना घरी आणायचं, जेवायला वाढायचं आणि ते लवंडले, की "अगंबाई, माझा चष्मा तिथंच राहिला वाटतं," म्हणत बाहेर पडायचं. कधी चष्मा, कधी छत्री, कधी डबा. गिऱ्हाइकाला तेच सांगायचं आणि वर, "आलेच आहे तर एक नजर टाकते हं," असं म्हणून झाकण उघडायचं. मग पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत सगळं नव्यानं. संध्याकाळी घरी येईपर्यंत उजवा खांदा आपला आहे की उसना आणलाय हेच तिला कळेनासं व्हायचं.

याची सुरुवात एका शिक्षिकेच्या फोननं झाली होती. "नाना येऊन गेले, पण वरचे सूर फार वेडेवाकडे लागतायत हो," असं त्या चाचरत म्हणाल्या. त्याच आठवड्यात नानांना ताप आला. तापमापकाची बारीक पीपी वाजून वाजून थांबली आणि नाना आपले काखेत ते धरून बसूनच राहिले. बबी दारात उभी होती. तिनंच जाऊन ते काढून घेतलं. वरचे बारीक आवाज नानांच्या कानातून गेले होते, आणि ते त्यांना ठाऊकच नव्हतं, असं ती धरून चालली.

"सांगून टाक ना स्पष्ट," धाकटा फोनवर म्हणायचा.

"तू सांग."

"मी लांब असतो गं ताई."

"फोन लांबूनच करतात."

मग तो विषय बदलायचा. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसे बापही दिसतात. पण खरं तर बबीलाही तोंड उघडायचा धीर होत नव्हता. आई गेल्यावर नाना अंथरुणाला खिळायचे वाचले ते या कामामुळं. ते काम काढून घेतलं तर माणूस भिंतीकडे तोंड करून पडेल आणि पुन्हा उठणार नाही, अशी तिला खातरीच होती. आणि असंच चालू ठेवलं तर ती स्वतः पडणार होती. मागच्याच आठवड्यात तिच्या हातून एका गिऱ्हाइकाची तार फटकन तुटली. ती तार न बदलता ती नुसती तिच्याकडे बघत बसली होती.

मग तिनं ठरवलं, आपण नको सांगायला. यंत्रानं सांगू दे.

वाद्यांच्या दुकानात मधल्या वेळेची सामसूम होती. दुकानदारानं तिच्यापुढं एक चिमट्यासारखा, सूर मोजणारा ट्यूनर ठेवला. "हाच घ्या. सगळे हाच नेतात. गिटारला लावला की हिरवा दिवा लागतो."

"हा हिरवा दिवा कितीपर्यंत चूक पोटात घालतो?"

दुकानदारानं तिच्याकडे नीट पाहिलं. "असेल दोनेक सेंट."

एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत सुराच्या अंतराचे शंभर बारीक भाग केले, तर त्यातला एक म्हणजे एक सेंट. गिटारवाल्याला दोनाचं काही वाटत नाही. पण पियानोत एकेका सुराला तीन तीन तारा असतात आणि त्या तिघींचं एकमेकींशी इतकंही बिनसून चालत नाही. बबीनं मान हलवली.

मग त्यानं मागच्या कपाटातून दुसरा काढला. त्याच्या काचेवर पट्ट्यापट्ट्यांचं एक चक्र फिरत होतं. सूर चढा असेल तर चक्र उजवीकडे पळतं, उतरला असेल तर डावीकडे, आणि बरोबर लागला की जागच्या जागी उभं राहतं. "हा सेंटाचा दहावा भाग दाखवतो. फक्त महाग आहे," दुकानदार हळूच म्हणाला.

"पियानोचे वरचे सूर किंचित चढेच ठेवावे लागतात. नुसत्या हिशोबानं लावले तर ते कानाला मेल्यासारखे लागतात. याला कळतं ते?"

"कळतं. प्रत्येक पियानोचं माप घेतो हा. आणि ही बघा, टेंपरामेंटची यादी. ही नावं काय आहेत ते मात्र मला विचारू नका. पहिलं सोडून बाकीची कुणी उघडतही नाही."

बबीनं यादी खाली सरकवत नेली. या सगळ्या सप्तकातल्या बारा सुरांच्या जुन्या वाटण्या होत्या. तिला नानांनी हे सतरंजीवर शिकवलं होतं, लहानपणी, खऱ्याखुऱ्या सतरंजीवर. सा पासून प घ्यायचा, शुद्ध. त्या प ला सा मानून पुढचा प. असे बारा टप्पे घेतले की फिरून पहिल्याच सा वर यायला हवं. पण येत नाही. थोडं पुढंच जातं. "खोलीपेक्षा सतरंजी चार बोटं मोठी आहे बघ," नाना म्हणाले होते, "फुगा इथं दाबला की तिथं वर येतो. जायचा कुठंच नाही. तो कुठं ठेवायचा, एवढंच आपल्या हातात." जुने लोक सगळा फुगा एका कोपऱ्यात ढकलून द्यायचे. बाकीची खोली सपाट व्हायची, आणि त्या एका कोपऱ्यातले दोन सूर एकत्र वाजवले की लांडग्यासारखे विव्हळायचे. म्हणून त्याला लांडगाच म्हणत. आता तो फुगा बारा जणांत सारखा वाटतात. कुणीच पुरतं शुद्ध राहत नाही आणि कुणीच विव्हळत नाही.

"भेट द्यायचाय का कुणाला?" दुकानदारानं विचारलं.

"वडिलांना."

"वा! खूश होतील."

भेट कसली, तिला साक्षीदार हवा होता. तिनं तो बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी नानांचं काम संगीतशाळेच्या सभागृहात होतं. त्यांचं आटोपल्यावर बबीनं त्यांना घरी नेलं नाही. "नाना, तुम्ही इथं व्हरांड्यात चहा घ्या. माझी छत्री आत राहिली," म्हणून त्यांना बाकावर बसवलं आणि ती एकटीच आत गेली. आधी स्वतः मोजायचं, मग त्यांना बोलावून दाखवायचं, असा बेत.

तिनं यंत्र पियानोवर ठेवलं आणि खालच्या सप्तकापासून एकेक पट्टी दाबत निघाली. चक्र उभं राहिलं. पुढची पट्टी. उभं. त्याच्या पुढची. उभं. मधली सप्तकं आली, जिथं बारा जणांची ती वाटणी करावी लागते आणि भल्याभल्यांची भंबेरी उडते. तिथंही चक्र असं थांबत होतं, जणू त्याची कळच बंद केली होती. हे सगळं ती दोन वर्षं दर दुपारी सैल करून पुन्हा लावत होती. कान थकला की बरोबर सूरसुद्धा संशयित वाटायला लागतो, आणि तिच्या कानाच्या तर थकून कधीच्याच चिंध्या झाल्या होत्या.

मग वरची दोन सप्तकं आली आणि चक्र डावीकडे पळायला लागलं. उतरलेला सूर. झालं, म्हणजे खरंच होतं. तिनं पुढची पट्टी दाबली. डावीकडेच, आणि जवळजवळ त्याच चालीनं. त्याच्या पुढची, तीच गत. शेवटच्या पट्टीपर्यंत सगळे एकजात उतरलेले.

बबीचा हात थांबला. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हातून सूर एक वर जातो, एक खाली जातो, आंधळ्यानं मारलेल्या खड्यांसारखा. असे रांगेत उभे राहून सगळे सारखे उतरत नाहीत. असं हवा बदलली की होतं. म्हणजे कुणी हातच लावला नसेल तर.

तिनं मोठं झाकण वर केलं आणि आत वाकून पाहिलं. वरच्या तारांच्या खुंट्यांवर तारा मुक्या ठेवायला वापरतात तसली निळ्या लोकरी फेल्टची एक पट्टी आडवी पडली होती. तिचीच. मागच्या खेपेला ती खरोखरच इथं विसरली होती. दोन वर्षं खोटं विसरता विसरता एकदाच काय ती खरं विसरली, आणि तेच तिच्या लक्षात नव्हतं. पट्टीवर धूळ बसली होती. ती उचलल्याशिवाय त्या खुंट्या पिळायची किल्ली लावताच आली नसती.

"सापडली का छत्री?"

नाना दारात उभे होते. काठी टेकत ते जवळ आले आणि त्यांनी तिच्या हातातली निळी पट्टी पाहिली.

"नाना, वरचं तुम्ही लावलंच नाहीत."

"नाही."

"आज नाही की..."

"दोन वर्षांत कधीच नाही. मला ऐकूच येत नाही ते, तर लावू कशाला?" हे ते इतक्या सहज म्हणाले, की बबीला संताप आला. पायापासून डोक्यापर्यंत.

"तुम्हाला माहीत होतं? आणि मी... नाना, दोन वर्षं मी मर मर मरतेय! तोंडानं बोलायला काय झालं होतं?"

"अगं, मला वाटलं आपलं ठरलंय." नाना आता गोंधळले. "तू पहिल्यांदा मागून गेलीस ना, तेव्हा त्या शिक्षिकेनंच मला सांगितलं, की लेक येऊन वरचं नीट करून गेली. मी म्हटलं, पोरीनं ओळखलं. चार लोकांत माझं हसं होऊ दिलं नाही. मग मी वरचं सोडूनच द्यायला लागलो. मी वाकडं करायचं आणि तू आधी ते उकलायचं, असा दुप्पट व्याप कशाला? दर वेळी छत्री विसरायला तू काय एवढी वेंधळी आहेस? मी समजून होतो. मला वाटलं, तूही समजून आहेस."

"मग एकदा बोलायचंत."

"तू कुठं बोललीस? आणि बोललो असतो तर म्हणाली असतीस, नाना, बसा आता घरी." त्यांनी खाली पाहिलं. "मला घरी नाही बसवत गं."

बबीच्या रागाचं पाणी पाणी झालं. तरी तिच्या तोंडून निघून गेलंच. "मी सगळंच पुन्हा लावत होते, नाना."

"म्हणजे?"

"वरचंच नाही. मधलंसुद्धा. पहिल्यापासून."

नाना पियानोजवळच्या स्टुलावर सावकाश बसले आणि त्यांनी मधल्या एका पट्टीवर बोट ठेवलं, न वाजवता.

"मधलं तर बरोबर होतं गं," ते म्हणाले.

तिनं यंत्र त्यांच्यापुढं सरकवलं आणि त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवून पट्टी दाबली. चक्र उभं राहिलं. नानांनी दुसरी दाबली, तिसरी दाबली. प्रत्येक वेळी चक्र उभं. "केसभरसुद्धा हललं नाही, नाना. सगळं तपासलंय मी. मीच चुकले."

"त्याला काय कळतंय," नाना म्हणाले, पण अजून एकदोन पट्ट्या दाबून बघितल्या आणि मग गपचूप डोळे पुसले. ते म्हणाले, "फुगा दोघांत वाटून घ्यायचा होता, बबे. मी आपला समजत राहिलो वाटलाय म्हणून. सगळा तुझ्याच कोपऱ्यात गेला."

बबीनं पिशवीतून किल्ली काढली आणि वरच्या पहिल्या खुंटीवर बसवायला गेली. ती बसेना. दुसऱ्यांदाही बसली नाही. नानांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"पड जरा."

"इथं?"

"खुर्च्या काय कमी आहेत? पड. मी आहे."

सभागृहाच्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना हात नव्हते. बबी त्यांच्यावर आडवी झाली, निळी पट्टी अजून मुठीतच होती. पाच मिनिटं डोळे मिटते, असं काहीसं ती म्हणाली, पण ते तिचं तिलाही पुरतं ऐकू आलं नाही. नानांनी आपला कोट तिच्या अंगावर घातला आणि दाराशी स्टूल ओढून राखणीला बसले.

बऱ्याच वेळानं शाळेच्या मुख्य बाई लगबगीनं आल्या. "नाना, झाला का पियानो? मुलं सरावाला थांबलीयत."

नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अर्धा झालाय," ते हळूच म्हणाले. "उरलेला अर्धा झोपलाय. उठवू नका."