नावातला बिंदू

मी डोळ्याचा दाब मोजणारा दाबमापक बोलतोय. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा फारशी पाहिली नाही, आकडे तेवढे येतात, आणि शब्द माझे साधेच. बोलायचीही सवय नाही. माणसाच्या बुबुळाला हलकेच टेकायचं, आकडा दाखवायचा आणि मागे सरायचं, एवढंच माझं काम.

शिवणकाम करणारे मास्तर पहिल्यांदा डॉक्टरबाईंकडे आले, तेव्हा उजव्या डोळ्यात मी चौतीस दाखवले. दाब असावा एकवीसच्या आत. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. बाईंनी ऑपरेशन करून डोळ्यातलं पाणी निचरायला बारीक वाट केली. आकडा बारावर आला. डाव्या डोळ्यासाठी रोजचे थेंब दिले. मास्तर खुशीत गेले, ते दोन वर्षं फिरकलेच नाहीत.

परत आले तेव्हा डाव्यात अडतीस निघाले. तो डोळा गेला होता.

"थेंब का सोडले?" बाईंनी विचारलं.

"बिंदू काढला ना तुम्ही? आक्काचा काढलात, तिला तर आता सुईत दोरा ओवता येतो."

आक्का ही त्यांची थोरली बहीण, शेजारीच उभी होती. तिचा काचबिंदू वेगळ्या प्रकारचा. पाण्याची वाट अरुंद होती, ती एकाएकी बंद झाली होती. बाईंनी मोतीबिंदू झालेलं भिंग काढलं, तशी वाट मोकळी झाली आणि नजरही सुधारली.

"मास्तर, त्यांचा काढला तो मोतीबिंदू. काचबिंदूत काढण्यासारखं काही नसतंच. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची."

"म्हणजे बिंदू नुसता नावात?"

"नुसता नावात."

आक्का म्हणाली, "शर्टाचं माप तीनदा घेतोस. डोळ्याचं एकदाच पुरलं होय रे?"

त्यानंतर बारा वर्षं दर तीन महिन्यांनी मास्तर येत राहिले. "चला, माप घ्या," म्हणत हनुवटी टेकायचे. अकरा, तेरा, बारा. इतका नेमाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या एका डोळ्यावर त्यांनी लेकीच्या लग्नाचे कपडे शिवले.

गेल्या महिन्यात मात्र चोवीस आले. तो आकडा दाखवताना मला माझीच लाज वाटली.

"माझं काही चुकलं का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"नाही हो. काहींची वाट वर्षांनी बुजत येते. तुम्ही येत राहिलात म्हणून वेळेवर कळलं. आता बारीक नळी बसवू."

शेजारी आता नवं यंत्र आलंय, ते न टेकता नुसती फुंकर मारून मोजतं. माझी जागा उद्या कपाटात असेल, त्याचं काही नाही. मागणं एकच, दिसतंय म्हणून माप द्यायचं सोडू नका.

मास्तरांना नळी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. आक्का दाराला धरून उभी होती. बाईंनी नव्या यंत्राकडे पाहिलं आणि मलाच पुढे ओढलं.

"चला, माप घ्या," मास्तर म्हणाले.

मी नेहमीपेक्षाही हलकेच टेकलो, आणि तेरा दाखवले.