घोडे!

"बोलले! अगं आई, बाबा बोलले!"

थोरली अशी किंचाळली की आईच्या हातातलं भांडं सुटलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. बोलतील कदाचित, पण माणसं ओळखतील की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून थोरलीला एकच घोर लागला होता. बाबा आपल्याला ओळखतात की नाही?

"काय म्हणाले?" आई धावत आली.

"घोडे!"

"किती?" काकांनी विचारलं. काका भाषेचे मास्तर. शब्द सापडला की सोडतील तर शपथ. "मूळ शब्द घोटक. त्याचा झाला घोडा, आणि अनेकवचन घोडे."

"भावजी, चारा नाही घालायचाय त्यांना!" आई म्हणाली आणि बाबांचा रंगकामाचा घोडा खडखडत खोलीत घेऊन आली. उभा जन्म गेला होता त्यांचा त्या शिडीवर. बाबांनी तोंड फिरवलं.

"घोडे!" ते पुन्हा म्हणाले, जरा चिडूनच.

काकांनी बुद्धिबळातले दोन घोडे त्यांच्या तळहातावर ठेवले. बाबांनी ते सोडून दिले.

"बंदुकीलाही घोडा असतो," काका म्हणाले.

"आपल्या घरात बंदूक आहे का?"

"नाही, पण अर्थ आहे ना!"

थोरलीला हसूही येईना. माळ्यावर तिच्या लहानपणचा लाकडी घोडा होता. तो बघून तरी ओळख पटेल! ती तरातरा शिडी चढली, पार वरच्या पायरीवर, आणि वाकून माळ्यात हात घातला. शिडी डुगडुगली.

"घोडे! पडशील!"

सगळे जागच्या जागी थिजले.

"अनेकवचन नाही हो वहिनी!" काका टाळी वाजवून ओरडले. "संबोधन! घोडी, हाक मारताना घोडे!"

लहानपणी कुठे धडपडली की बाबा असंच ओरडायचे. नोकरी लागली आणि थोरलीची 'ताई' झाली. मग घोडी म्हणायची कुणाची छाती होती? ती खाली कशी उतरली तिचं तिलाच कळलं नाही. आनंदाने तिला रडू फुटलं. सकाळपासून बाप हाक मारत होता आणि ओ द्यायचं सोडून घरभर घोडे शोधले जात होते.

"ओ, बाबा," ती त्यांचा हात धरून म्हणाली. "आले."